सुपरयॉटचा आराखडा: आधी खरकट्या ताटाची वाट, मग मालकाचा पलंग

कोल्हापुरातून रत्नागिरीचा समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरून सव्वाशे-दीडशे किलोमीटर जावं लागतं. तरी राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून गेली काही वर्षं परदेशी स्टुडिओंसाठी यॉटच्या, म्हणजे श्रीमंतांच्या आलिशान खासगी बोटींच्या, आतली ड्रॉइंग जातात. आमचा मूळ धंदा बंगल्यांचा आणि मंगल कार्यालयांचा. पहिलं यॉटचं काम आलं तेव्हा मी तेही बंगल्यासारखंच केलं: प्रशस्त बैठक, तिला लागून डायनिंग, पुढे मालकाची खोली, आणि उरलेल्या सांदीकोपऱ्यात बाकी सगळं. चार दिवसांनी कागद परत आला. त्यावर लाल शाईत एकच प्रश्न होता: जेवण झाल्यावर खरकटी ताटं कुठून जाणार? माझ्या आराखड्यात ती पाहुण्यांच्या बैठकीतूनच वाट काढत जात होती.

आता आर्किटेक्चरची आणि इंटिरिअरची पोरं हे काम शिकायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा पद्धत लिहून ठेवतो. उदाहरणाला एकच बोट धरू: ५० मीटर लांब, ९ मीटर रुंद, बारा पाहुणे, दहा-अकरा जणांचा क्रू. आणि दोन शब्द आधीच नीट करून घेऊ. यॉटवरचं सलून म्हणजे मुख्य बैठक, तिथे कोणी केस कापत नाही. टेंडर म्हणजे किनाऱ्यावर ने-आण करणारी छोटी बोट, तिचा महापालिकेशी काही संबंध नाही.

मालकाला विचारायचे प्रश्न

पेन्सिल उचलण्याआधी एक तास नुसतं बोला. बोट फक्त घरच्यांसाठी आहे की भाड्याने, म्हणजे चार्टरवर, द्यायची आहे? चार्टर असेल तर पाहुण्यांच्या केबिन शक्य तितक्या एकसारख्या हव्यात, नाहीतर सहा जोडप्यांत पहिल्याच संध्याकाळी रुसवेफुगवे. दोन केबिनमधले सुटे पलंग जोडता आले पाहिजेत. कुठल्या समुद्रात जाणार? थंडीकडे असेल तर आतली बैठक मोठी हवी, उन्हाकडे असेल तर सावलीतला उघडा डेक, म्हणजे बोटीचा मजला. म्हातारी माणसं सोबत असतात का? असतील तर लिफ्टची जागा आजच धरा, नंतर ती मिळत नाही.

बारा हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. प्रवासी बाराच्या वर गेले की सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दृष्टीने ते प्रवासी जहाज होतं आणि आग, तरंगण्याची क्षमता, जीवरक्षक साधनं या सगळ्यांचे नियम बदलतात. तेरा ते छत्तीस पाहुण्यांसाठी वेगळा पॅसेंजर यॉट कोड आहे खरा, पण ती आपली बोट नव्हे. मालक म्हणाला, “अजून दोघांचं बघा की जरा,” तर नम्रपणे नाही म्हणा.

लांबी विसरा, घनमीटर मोजा

बाहेरच्या माणसाला लांबीचं कौतुक असतं. ‘अझ्झाम’ ही २०१३ ची यॉट १८० मीटरची, तर ‘दिलबर’ ही २०१६ ची यॉट १५६ मीटरची. तरी आतल्या आकारमानात ‘दिलबर’ मोठी: तिचं ग्रॉस टनेज १५,९०० च्या घरात आहे, ‘अझ्झाम’चं १३,००० च्या आसपास. नियम, क्रूची पात्रता आणि खर्च यांची बरीचशी मोजदाद या ग्रॉस टनेजवर चालते.

नावात टन असला तरी हे वजन नाही. १९६९ च्या टनेज करारानुसार बोटीतल्या सगळ्या बंद जागांचं आकारमान घनमीटरमध्ये काढायचं, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा, त्याला ०.०२ ने गुणून ०.२ मिळवायचे, आणि आलेल्या आकड्याने पुन्हा आकारमानाला गुणायचं. कॅल्क्युलेटरवर करून बघा: १,८८० घनमीटरला उत्तर ४९९ येतं. ५०० ला सोलासच्या बऱ्याच जड अटी लागू होतात. म्हणूनच बाजारात ४९९ टनेजच्या यॉट इतक्या दिसतात.

आपली बोटही त्याच काठावर आहे. मालकाला वरच्या डेकवर चार बाय अडीच मीटरची, काचेने बंद केलेली छोटी जिम हवी झाली. उंची २.१ मीटर धरली तर २१ घनमीटर, म्हणजे टनेजमध्ये जवळपास पावणेसहाची भर. ४९९ चे ५०४ होतात. तीच जिम छताखाली पण अटींप्रमाणे बाजूने उघडी ठेवली, तर ती बंद जागेत न धरली जाण्याची शक्यता असते. त्यामुळे आमच्या ऑफिसात प्रत्येक आराखड्यासोबत एक तक्ता चालतो: डेक, जागा, घनमीटर, बेरीज. भिंत हलली की तक्ता हलला पाहिजे. हा तक्ता शेवटी करू म्हणणाऱ्या पोराला मी पहिल्याच दिवशी चहा पाजून घरी पाठवतो.

वजन खाली, पाणी अरुंद

शेंड्यापर्यंत ऊस रचलेली ट्रॉली कारखान्याच्या वळणावर कशी डुलते, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही. यॉटही तशीच. वर चढवलेला प्रत्येक किलो तिला डुलवतो. मालक मात्र सगळ्यात जड गोष्टी नेमक्या सगळ्यात वर मागतो: सनडेकवर पोहण्याचा पूल, संगमरवरी बार, मोठं छत.

हिशेब करू. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, सव्वा मीटरला थोडा कमी खोल असा पूल म्हणजे १२ घनमीटर. समुद्राचं पाणी धरलं तर वजन १२ टनांच्या वर. जवळजवळ एक उसाची ट्रॉलीच माथ्यावर. त्यात पाणी एका जागी बसत नाही. परातीत पाणी भरून चाला आणि तेवढंच पाणी कळशीत भरून चाला, फरक लगेच कळेल. पसरट पृष्ठभागावरचं पाणी बोट कलते त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. हा परिणाम पाण्याच्या रुंदीच्या घनाने वाढतो. टाकीला लांबीच्या दिशेने मधोमध एक पडदी घातली की तो चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून पूल खालच्या डेकवर घ्या, रुंदी कमी ठेवा, आणि बोट निघताना तो पटकन रिकामा होईल अशी व्यवस्था आराखड्यातच दाखवा.

दगडाचंही तेच. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास भरतो. पंचवीस चौरस मीटर न्हाणीघराला साडेतेराशे किलो. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅनेलवर पाचेक मिलिमीटरचा दगडाचा पापुद्रा चिकटवतात. दिसायला दगडच, वजन निम्म्याहून कमी. डाव्या बाजूला जड गॅली, म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर, असेल तर उजव्या बाजूला तेवढंच जड काहीतरी हवं. नाहीतर बोट बंदरातच एका कुशीवर झोपते.

वाटा

हा या कामाचा गाभा. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

शिवाजी पेठेतला एखादा जुना वाडा आठवा. परका माणूस ओसरीपर्यंत, घरचा माणूस माजघरापर्यंत, आणि धुणं-भांडी, सरपण, भाजी हे सगळं परसदाराने. घरात वीस माणसं असली तरी दिंडीदरवाजातून येणाऱ्या पाहुण्याला उष्टी भांडी दिसत नसत. यॉटवर नेमकं हेच पाहिजे, फरक एवढाच की इथे परसदार उभं आहे. क्रूचा जिना तळातल्या डेकपासून वरपर्यंत एका रेषेत जातो आणि प्रत्येक डेकवर एका पँट्रीत, म्हणजे वाढपाच्या छोट्या खोलीत, उघडतो. गॅलीतून ताटं वर न्यायला त्याच्या शेजारी छोटी लिफ्ट असते. पाहुण्यांचा जिना वेगळा, मोठा, मधोमध.

मी चार रंगांच्या पेन्सिली वापरतो. लाल पाहुण्यांना, निळी क्रूला, हिरवी आत येणाऱ्या सामानाला, तपकिरी बाहेर जाणाऱ्याला, म्हणजे कचरा, मळके टॉवेल आणि खरकटं. खोल्या न काढता, फक्त बाहेरची रेषा आणि जिने काढून, सकाळी सहापासून रात्री बारापर्यंतच्या वाटा आखायच्या. सहाला क्रू दव पुसतो. आठला वरच्या डेकवर नाश्ता. दहाला टेंडर निघतं, त्याच वेळी केबिनची सफाई. तपकिरी रेष लाल रेषेला जिथे कापते तिथे फुली मारा. माझ्या पहिल्या आराखड्यात अशा अकरा फुल्या होत्या. शून्य होत नाहीत, पण दोन-तीनवर आणता येतात.

वाटा आखताना पाण्याखालच्या भिंतींचं भान ठेवा. खालच्या डेकवर बोट आडव्या जलरोधक भिंतींनी, बल्कहेडने, कप्प्यांत विभागलेली असते, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बोट तरते. या भिंतींना मनाला येईल तिथे दार पाडता येत नाही. त्यामुळे नाकाकडे राहणाऱ्या क्रूला मागच्या इंजिन रूमकडे जायचं तर बहुधा एक मजला चढून, वरून चालत, पुन्हा उतरावं लागतं. शिवाय राहण्याच्या जागेतून सुटकेच्या दोन वाटा लागतात. दुसरी वाट छतातल्या झडपेची असली तरी तिच्या खाली कपाट येता कामा नये. आमच्या एका पोराने बरोबर तिथेच मालकिणीचं चपलांचं कपाट बसवलं होतं.

कागदावर पटलं की मैदानावर. एका उन्हाळी सुट्टीत ओळखीच्या शाळेचं मैदान मागून घेतलं आणि खेळाच्या रेघा मारतात त्या फक्कीने मुख्य डेक जसाच्या तसा आखला: ५० मीटर बाय ९ मीटर, नाकाकडे निमुळता. मंगल कार्यालयात वाढपी म्हणून काम करणाऱ्या दोघांना बोलावलं आणि हातात पाण्याने काठोकाठ भरलेल्या बारा-बारा स्टीलच्या ग्लासांचे ट्रे दिले. एकाला गॅलीतून डायनिंगकडे, दुसऱ्याला उलट. पहिल्याच फेरीला दोघं पँट्रीच्या तोंडाशी समोरासमोर आले आणि थबकले. एकाला मागे मागे सरकत परत यावं लागलं, ट्रेमधलं पाणी फक्कीवर सांडलं. म्हातारा वाढपी म्हणाला, “साहेब, पंगतीत येणारी वाट एक आणि जाणारी वाट एक असती. ह्यात एकच हाय.” ड्रॉइंगवर तीन आठवडे डोळ्यासमोर असून आम्हाला ते दिसलं नव्हतं. पँट्रीला दुसरं दार पाडलं. तेव्हापासून क्रूच्या वाटेला आम्ही ७५ सेंटिमीटरच्या खाली जात नाही, आणि कोपऱ्यावर ट्रे फिरवायला जागा सोडतो.

आता खोल्या

वाटा ठरल्या की खोल्या निम्म्या आपोआप बसतात. एसटीत मागच्या बाकावर बसून आंबा घाट उतरलेल्याला सांगायला नको, की धक्के टोकाला जास्त, मधे कमी. बोटीतही नाक सगळ्यात जास्त वरखाली होतं. म्हणून खालच्या डेकवरच्या पाहुण्यांच्या केबिन मधोमध, इंजिन रूमच्या पुढे. मालकाची खोली या आकारात सहसा मुख्य डेकवर पुढच्या भागात, पूर्ण रुंदी घेऊन: थोडी हालचाल सोसायची, पण दोन्ही बाजूंना समुद्र आणि खिडक्यांसमोरून कोणाचा वावर नाही. कॅप्टन ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवायच्या खोलीच्या, मागेच झोपतो. क्रू खाली, नाकाकडे.

पलंग बोटीच्या लांबीला समांतर ठेवा. बोट बहुधा डावी-उजवीकडे डुलते. पलंग आडवा असला तर झोपलेल्याचं डोकं आणि पाय आळीपाळीने वर जातात, आणि सकाळी तो तुम्हाला शिव्या घालतो. उशाची भिंत क्रूच्या जिन्याला, पँट्रीला किंवा ताटांच्या लिफ्टला टेकू देऊ नका. इंजिन रूमच्या भिंतीला न्हाणीघर आणि कपाटं लावा, म्हणजे आवाज आधी त्यांना लागतो. नाकाकडे झोपणाऱ्यांसाठी नांगराच्या साखळीचा आवाज लक्षात ठेवा. पहाटे नांगर सुटला की लोखंडाच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतं.

उंचीचा घोळ बंगल्यावाल्यांना हमखास नडतो. दोन डेकमधली पूर्ण उंची तुमची नसते. त्यातून पोलादी तुळया, एसीचे डक्ट, केबल, पाण्याचे नळ, आग विझवायच्या फवाऱ्यांचे पाइप जातात. एसी हा बोटीवरच्या विजेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक असतो आणि त्याचे डक्ट जाडजूड असतात. छताची रचना काढण्याआधी डक्टचं ड्रॉइंग हातात घ्या, नाहीतर मालकाच्या डोक्यावर नेमकी दरवाजापाशी ठेंगणी पेटी येते.

क्रूच्या केबिनवर हात आखडणं ही नवख्यांची आवडती चूक. सागरी कामगार करार २००६ सालचा, २०१३ पासून लागू. त्यात छताची उंची किमान २०३ सेंटिमीटर आणि झोपण्याची जागा आतून किमान १९८ बाय ८० सेंटिमीटर सांगितली आहे. लहान यॉटना त्यांचा ध्वज-देश, म्हणजे बोट जिथे नोंदलेली आहे तो देश, काही ठिकाणी पर्यायी मोजमाप मान्य करतो, पण ते लेखी विचारून घ्या. क्रूची मेस मोठी ठेवा. अकरा माणसं दोन पाळ्यांत जेवतात आणि तीच त्यांची बैठक, टीव्ही, घर असते.

लाँड्रीबद्दल एक वाक्य: तुम्ही ठरवली आहे त्याच्या दुप्पट जागा द्या.

गॅली आणि आपलं जेवण

इथे आपल्याकडच्या डिझायनरला थोडं जास्त कळतं, असं माझं मत. बहुतेक यॉटवर गॅस नसतो, इंडक्शन असतं. एका मराठी मालकाने भाकरीचा विषय काढला तेव्हा परदेशी स्टुडिओला कळेना, की चपटी भाकरी फुगवायला उघडी आच कशाला लागते. शेवटी वरून तापणारी ग्रिल घेतली. भाकरी फुगते, चुलीवरची होत नाही. तांबड्या रश्श्याचा खडा मसाला तळताना जो ठसका उठतो त्याला नेहमीचा एक्झॉस्ट पुरत नाही. पंख्याची ताकद वाढवा आणि त्याच्या डक्टमध्ये आग रोखणारी झडप दाखवा. डीप फ्रायर ठेवलात तर त्याला आग विझवण्याची स्वतंत्र व्यवस्था लागते. ओट्याच्या सगळ्या कडांना बोटभर उंच कठडा, ड्रॉवरला पक्की खिट्टी, कोपरे गोल. कोरडं, थंड आणि गोठवलेलं असे तीन कोठार वेगळे, आणि ओल्या कचऱ्यालाही थंड खोली, कारण समुद्रात घंटागाडी येत नाही.

देवघर मागणारे मालकही भेटतात. समई विजेची करा, आणि घंटा हलू नये म्हणून बांधून ठेवता येईल अशी.

सोयींची यादी छाटणं

पाठीमागचा बीच क्लब, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची बैठक, आज सगळ्यांना हवी असते. ५० मीटरच्या बोटीत ती जागा टेंडरच्या गॅरेजशी भांडते. मार्ग दोन. एक, गॅरेज आणि बीच क्लब एकच: टेंडर बाहेर काढलं की तिथे खुर्च्या मांडायच्या. कागदावर हुशारीचं, पण पेट्रोलचा वास जात नाही, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनांच्या जागेला वायू ओळखणारी यंत्रणा आणि जोरदार वायुवीजन लागतंच. दोन, टेंडर नाकाकडच्या डेकवरच्या खळग्यात ठेवायचं. मग मागची जागा कायमची मोकळी. मी दुसरा सुचवतो, फक्त ब्रिजवरून कॅप्टनची नजर अडत नाही ना, हे उभा छेद काढून दाखवतो.

हेलिपॅड या आकारात सोडून द्या. मालक अडून बसला तर ‘कोरू’ ही २०२३ ची १२७ मीटरची शिडाची यॉट सांगा. तिच्याही डेकवर हेलिपॅड नाही, हेलिकॉप्टर उतरतं ते ‘अबियोना’ या सोबतच्या मदतनीस जहाजावर. सिनेमागृहाऐवजी सलूनमध्ये वर सरकणारा पडदा पुरतो. जिम, मसाज, बार यांना उघड्या डेकवर जागा शोधा, टनेजचं आधी सांगितलंच आहे.

चढण्याच्या पुलापाशी चपलांसाठी टोपली ठेवायची जागा काढा. यॉटवर सागवानी डेक जपायला सगळे अनवाणी फिरतात. आपल्या लोकांना ही शिस्त शिकवावी लागत नाही, पण बारा जोड्यांची जागा लागते आणि ती कोणीच काढत नाही. सागवानाचंच म्हणाल तर म्यानमारच्या लाकडावर २०२१ नंतर अमेरिका आणि युरोपचे निर्बंध आले. त्यामुळे लाकडाचा उगम दाखवणारे कागद किंवा पर्यायी लाकूड, हे मालकाशी सुरुवातीलाच बोलून घ्या.

प्लायचं मॉकअप

शेवटी मालकाची खोली, एक क्रू केबिन आणि पँट्री एवढं तरी प्लायमध्ये पूर्ण मापात उभं करा. आम्ही उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये करतो. आमचे सुतारमामा पहिल्यांदा क्रू केबिनमध्ये शिरले तेव्हा म्हणाले, “ही बोट हाय का खुराडं?” मग त्यांनी स्वतः वरच्या बंकवर चढून झोपून बघितलं, उठताना डोकं आपटलं, आणि वाचनाचा दिवा कुठे नको हे आम्हाला कळलं. प्रत्येक दार उघडा, शेजारचं दार उघडं ठेवून पुन्हा उघडा. कमोडवर बसून गुडघे मोजा. अंधार करून दुसरी सुटकेची वाट हाताने शोधा. सापडलेल्या चुका फोटोसकट त्याच दिवशी ड्रॉइंगवर चढवा. पन्नासास एक या मापात ही बोट कागदावर बरोबर एक मीटर लांब येते, भिंतीवर लावून लाल पेनने लिहायला सोयीची.

मागच्या मॉकअपचं प्लाय अजून ऑफिसच्या माळ्यावर पडलंय. न्हाणीघराच्या दाराच्या फळीवर मामांनी जाड पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ‘हे दार आत उघडू नये, माणूस आडकतो.’